कोव्हेंट्रीत नवे आहात? सिटीच्या मॅचला असे जा, आणि जात राहा

टाटांनी २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतली आणि पिंपरी-चिंचवड ते इंग्लंडमधलं कोव्हेंट्री अशी माणसांची ये-जा वाढली. ऑफिसच्या कँटीनमध्ये मराठी कानावर पडायला लागलं, विद्यापीठात दर सप्टेंबरला आपली नवी मुलं यायला लागली. मीही २०१२ च्या सप्टेंबरात चिंचवडहून अशीच आले. घर कसं शोधायचं, बँकेत खातं कसं उघडायचं, डॉक्टरकडे नाव कसं नोंदवायचं, हे सांगणारे पुष्कळ भेटले. पण शनिवारी दुपारी आकाशी मफलर गुंडाळून एवढी माणसं फोल्सहिल रोडने उत्तरेकडे कुठे निघालीत, ते कोणी सांगितलं नाही. एका शनिवारी मीच त्यांच्या मागून चालत गेले. तेव्हापासूनचा प्रत्येक हंगाम कोव्हेंट्री सिटी या इथल्या फुटबॉल क्लबबरोबर काढलाय. वाटेत जे अडलं, जे चुकलं, ते तुमच्या बाबतीत होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

१. क्लब जवळचाच घ्या

आपली बरीच मुलं येतानाच मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल नाहीतर आर्सेनलची जर्सी बॅगेत घालून येतात. ते प्रेम सोडा असं मी म्हणणार नाही. पण त्या क्लबांची तिकिटं नवख्याला सहजी मिळत नाहीत, आणि मिळालं तरी वर्षातून एकदा जाऊन फोटो काढून परत येणं होतं. इथे ज्याला समर्थक म्हणतात तो पंधरा दिवसांनी त्याच खुर्चीवर येऊन बसणारा माणूस असतो. ते फक्त घराजवळच्या क्लबच्या बाबतीत जमतं.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. ऑफिसात माझ्याशी हवामानापलीकडे कोणी बोलत नव्हतं. मी मॅचला जाते हे कळल्यावर सोमवारी सकाळी लोक आपणहून टेबलाशी यायला लागले. या शहराशी ओळख करून द्यायला सिटीइतकं चांगलं दुसरं काही मला सापडलं नाही.

२. लीगचा जिना आधी समजून घ्या

इंग्लंडमध्ये व्यावसायिक लीगच्या चार पायऱ्या आहेत: प्रीमियर लीग, चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू. वरच्या पायरीवर २० क्लब, खालच्या तिन्हींवर प्रत्येकी २४, एकूण ९२. आपल्या आयपीएलसारखं इथे कोणाचं स्थान कायम नसतं. तळाचे क्लब खाली जातात, खालचे वर येतात. चॅम्पियनशिपमधले पहिले दोन थेट वर जातात, त्यांच्या मागचे काही क्लब प्ले-ऑफ खेळतात आणि त्यातला एकच वर जातो. खालच्या तीन लीगमध्ये हंगामात ४६ सामने असतात, २३ घरी आणि २३ बाहेर. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीला १. हे ३ गुण इंग्लंडमध्ये १९८१ मध्ये आले आणि त्यासाठी खटपट करणारे होते जिमी हिल. हे नाव लक्षात ठेवा.

सिटी २००१ मध्ये प्रीमियर लीगमधून खाली आली, २०१२ मध्ये तिसऱ्या पायरीवर आणि २०१७ मध्ये थेट चौथ्या. मग २०१८ आणि २०२० अशी दोनदा वर चढली. मी आले तेव्हा क्लब घसरणीवरच होता. उगवत्या सूर्याला नमस्कार करणाऱ्यांच्या कामाचा तो काळ नव्हता. पण त्याच काळामुळे मी इथली झाले.

३. बसण्याआधी एवढं माहीत हवं

हा क्लब १८८३ मध्ये सिंगर सायकल कारखान्यातल्या कामगारांनी काढला. नाव होतं सिंगर्स एफसी, १८९८ मध्ये ते कोव्हेंट्री सिटी झालं. सायकलीपासून मोटारीपर्यंत शहराचा जो धंदा, तोच क्लबचा जन्म. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

१८९९ पासून २००५ पर्यंत क्लब हायफील्ड रोडवर खेळला. जिमी हिल १९६१ मध्ये मॅनेजर म्हणून आले, त्यांनी क्लबला आकाशी रंग दिला आणि १९६७ मध्ये क्लबला पहिल्या विभागात, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर नेलं. पुढे सलग ३४ वर्षं क्लब तिथे टिकला. हिल अध्यक्ष असतानाच १९८१ मध्ये हायफील्ड रोड इंग्लंडमधलं पहिलं पूर्ण खुर्च्यांचं मैदान झालं. आजच्या स्टेडियमबाहेर त्यांचा पुतळा आहे. भेटायची ठरलेली जागा तीच.

आणि १६ मे १९८७. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एफए कप या देशभरातल्या क्लबांच्या बाद स्पर्धेची फायनल, समोर टॉटनहॅम. दुसऱ्याच मिनिटाला गोल खाल्ला, बरोबरी केली, पुन्हा मागे पडलो, मग कीथ हाउचेनने हवेत झेपावून डोक्याने गोल मारला, आणि जादा वेळेत टॉटनहॅमच्या गॅरी मॅबटच्या गुडघ्याला लागून चेंडू त्यांच्याच जाळ्यात गेला. ३-२. क्लबने जिंकलेला एकमेव मोठा कप. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा त्या दिवशी तिथे होते. हाउचेनचा गोल ते अजूनही हातवारे करून दाखवतात, आणि मी दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकते, कारण खरोखरच दर वेळी अंगावर काटा येतो. कोणी जुना समर्थक हे सांगायला लागला तर घाईत असाल तरी थांबा.

४. खातं, मेंबरशिप, तिकीट

तिकीट फक्त क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा तिकीट खिडकीवरून घ्या. आधी मोफत खातं उघडा. त्याला एक ग्राहक क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं काढा आणि एकमेकांशी जोडून घ्या. मी पहिली दोन वर्षं नवऱ्याचं आणि माझं तिकीट माझ्याच खात्यावर काढत होते. त्यामुळे त्याच्या नावावर खरेदीची नोंदच झाली नाही, आणि पुढे मोठ्या मॅचच्या वेळी तो रांगेत माझ्या बराच मागे पडला.

ही नोंद फार महत्त्वाची आहे. गर्दीच्या मॅचची तिकिटं एकदम सगळ्यांना खुली होत नाहीत. आधी सीझन तिकीटवाले (हंगामभराचं तिकीट एकदम घेणारे), मग मेंबर, मग ज्यांच्या नावावर पूर्वीची खरेदी आहे ते, आणि उरली तर बाकीचे. फेब्रुवारीतल्या मंगळवारी रात्री पावसात काढलेलं तिकीट तुम्हाला पुढे वेम्बलीपर्यंत नेतं.

जवळ काय हवं:

- ईमेल आणि इंग्लंडमधला पत्ता
- बँकेचं कार्ड
- तिकीट दाखवायला स्मार्टफोन, पूर्ण चार्ज केलेला
- मुलांच्या किंवा ज्येष्ठांच्या सवलतीसाठी वयाचा पुरावा
- विद्यार्थी असाल तर ओळखपत्र (सवलत आहे का, ते त्या हंगामाच्या दरपत्रकात पाहा)

सापळा: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा समाजमाध्यमांवर अनोळखी माणसाकडून तिकीट घेऊ नका. फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय विकणं इथे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०२३ च्या प्ले-ऑफ फायनलला माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने दीडशे पौंड देऊन तिकिटाचा नुसता स्क्रीनशॉट घेतला. तोच स्क्रीनशॉट आणखी किती जणांना विकला होता कोण जाणे. फाटकाने तो घेतला नाही आणि पोरगा मॅच संपेपर्यंत बाहेर उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी मी पाहिलंय, म्हणून इतकं कळकळीने सांगते.

५. तारीख आणि वेळ

वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होतं, हंगाम ऑगस्टपासून मेपर्यंत. मॅचची परंपरागत वेळ शनिवार दुपारी ३. पण टीव्हीसाठी सामने शुक्रवारी रात्री, शनिवारी साडेबारा, रविवार असे हलतात. तारीख पक्की झाल्याशिवाय रेल्वेचं तिकीट काढू नका.

६. मॅचचा दिवस

स्टेडियमचं आजचं नाव कोव्हेंट्री बिल्डिंग सोसायटी अरीना. जुने लोक अजून रिकोच म्हणतात, बिचकू नका. शहराच्या उत्तर टोकाला, एम-६ च्या जंक्शन ३ जवळ आहे. कोव्हेंट्री अरीना नावाचं रेल्वे स्टेशन २०१६ पासून अगदी शेजारी आहे, पण ननीटनकडे जाणारी ती गाडी छोटी असते आणि मॅच सुटल्यावरची गर्दी तिला झेपत नाही. जाताना गाडी, येताना बस किंवा पायी, असं ठेवा. शहराच्या मध्यापासून चालत साधारण तास लागतो. कार घेऊन जाऊन आजूबाजूच्या गल्ल्यांत लावू नका, मॅचच्या दिवशी तिथे निर्बंध असतात आणि दंड होतो.

कपड्यांचं मनावर घ्या. थंडी अंगापेक्षा पायांतून चढते, कारण खाली काँक्रीट असतं. डिसेंबरात दोन मोजे, जाड तळाचे बूट, आत थर्मल. बॅग नेलीच तर लहान, बऱ्याच मैदानांवर ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग आत घेत नाहीत.

खाण्यात ‘पाय’ (आत सारण भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ) आणि चिप्स असतात. शाकाहारी असाल तर चीज-अन्‌-अनियन पाय मिळतो का विचारा. बोव्हरिल नावाचं गरम, खारट पेय कपात मिळतं आणि थंडीत सगळे ते पीत असतात. ते गोमांसाच्या अर्काचं असतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला चालत नसेल तर चहा मागा.

दारूचा नियम नीट समजून घ्या. १९८५ च्या कायद्याप्रमाणे मैदान दिसतं अशा जागी दारू पिता येत नाही. बिअर मागच्या जागेतच संपवून यायची. धुराचे दिवे, फटाके जवळ बाळगणं गुन्हा. आनंदाच्या भरातही मैदानात उतरणं गुन्हा. आपल्यासाठी हे जास्त गंभीर आहे, कारण व्हिसाच्या प्रत्येक अर्जात गुन्ह्यांची नोंद विचारतात. शेवटच्या मिनिटाला गोल झाला आणि आजूबाजूचे शंभर जण धावले तरी तुम्ही जागेवरच उड्या मारा.

७. स्टँडमधली रीत

घरच्या भागात प्रतिस्पर्ध्याचा रंग घालून बसू नका. दोन्ही क्लबांचे रंग असलेला अर्धा-अर्धा मफलर बाहेर विकतात, तोही घेऊ नका. इथे तो कोणालाच आवडत नाही. लेस्टर सिटीविरुद्धच्या मॅचला विशेष जपा. कोव्हेंट्री आणि लेस्टर एम-६९ ने जोडलेत, आणि ते वैर खरं आहे.

पहिल्या दिवशी मी क्रिकेटच्या सवयीने समोरच्यांच्या चांगल्या पासला टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतल्या बाईंनी खांद्यावर हात ठेवून हळूच सांगितलं, “आज नको गं, पोरी.” शब्द इंग्रजी होते, पण सूर अगदी आपल्या मावशीचा. तेव्हापासून माझ्या टाळ्या आकाशी रंगालाच.

गाणी दोन-तीन मॅचमध्ये पाठ होतात. एकमेकांचा निरोप घेताना ‘प्ले अप स्काय ब्लूज’ म्हणतात, तुम्हीही म्हणा. एकट्या बाईने जावं का, असं मला नेहमी विचारतात. मी वर्षानुवर्षं एकटी जाते. कुटुंबांसाठी राखलेल्या भागातून सुरुवात करा, मग जागा बदला.

वर्णद्वेषी शेरा ऐकू आला तर गिळू नका. फुटबॉल मैदानावर तशा घोषणा देणं १९९१ पासून गुन्हा आहे. रांग आणि खुर्चीचा क्रमांक पाहून लगेच स्टुअर्डला (मैदानावर व्यवस्था पाहणाऱ्या माणसाला) सांगा, किंवा किक इट आउट या संस्थेकडे कळवा. बाहेरगावच्या एका मैदानावर माझ्यावर अशी वेळ आली. मी बोलायच्या आधी आमच्याच रांगेतल्या तीन अनोळखी माणसांनी उठून तक्रार केली होती.

आणि ८५व्या मिनिटाला बस पकडायला उठू नका. मार्च २०२४ मध्ये एफए कपच्या उपांत्यपूर्व सामन्यात वुल्व्हजच्या मैदानावर नव्वद मिनिटं संपली तेव्हा आम्ही २-१ ने मागे होतो. एलिस सिम्सने ९७व्या मिनिटाला बरोबरी केली, हाजी राइटने १००व्या मिनिटाला जिंकवलं.

८. बाहेरगावची मॅच

वर्षभर घरचे सामने पाहिल्यावर मगच जा. पाहुण्यांना वेगळा कोपरा आणि मोजकी तिकिटं असतात, ती आधी जुन्या समर्थकांना मिळतात. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा आहे. नवख्याने समर्थकांच्या बसनेच जावं. ती दारापाशी सोडते, दारापासून परत आणते, आणि पाच तासांच्या प्रवासात जेवढी माणसं जोडली जातात तेवढी ऑफिसात पाच वर्षांत जोडली जात नाहीत. या बसमध्येही दारूला कायद्याने बंदी आहे. मी डब्यात थालीपीठं नेते. आता बस सुटायच्या आत डबा विचारला जातो.

९. वाईट दिवसांत काय करायचं

ही पायरी सगळ्यात अवघड, आणि इथेच बहुतेक जण गळतात.

मी आले त्याच हंगामात, मार्च २०१३ मध्ये, क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला आणि १० गुण कापले गेले. स्टेडियमच्या भाड्यावरून तेव्हाचे मालक आणि मैदानवाले यांचं भांडण पेटलं, आणि २०१३-१४ चा अख्खा हंगाम ‘घरचे’ सामने नॉर्थॅम्प्टनच्या सिक्सफील्ड्सवर झाले. साधारण ५५ किलोमीटर लांब. चिंचवडच्या संघाने घरची मॅच लोणावळ्याला खेळावी तसं. आमचं ३२ हजारांचं स्टेडियम शहरात रिकामं उभं होतं.

समर्थकांत फूट पडली. काही म्हणाले, पोरं खेळतायत, आपण जायला हवं. बाकीचे म्हणाले, तिकीट काढलं तर या अन्यायाला पैसे दिल्यासारखं होईल. त्यातले बरेच सिक्सफील्ड्सच्या बाहेरच्या टेकडीवर उभे राहून मॅच पाहायचे. तिला नाव पडलं जिमीज हिल. मी टेकडीवर होते. आत बसणाऱ्यांना कमी लेखणारं काही मी तेव्हा बोलले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. दोन्हीकडची माणसं तेवढीच सिटीची होती. असा प्रसंग तुमच्यावर आला तर बाजू जरूर घ्या, पण पलीकडच्याशी बोलणं बंद करू नका.

५ सप्टेंबर २०१४ ला गिलिंगहॅमविरुद्ध क्लब परत आला. २७,३०६ लोक आले आणि आम्ही १-० ने जिंकलो. रडणारी एवढी मोठी माणसं मी एकत्र कधी पाहिली नव्हती. पुढे २०१९ ते २०२१ पुन्हा घर सुटलं, तेव्हा बर्मिंगहॅममध्ये खेळलो. एप्रिल २०१७ मध्ये चौथ्या पायरीवर घसरत असतानाच खालच्या लीगच्या ट्रॉफीची फायनल आली, तर चाळीस हजारांहून जास्त कोव्हेंट्रीकर वेम्बलीला गेले. ऑक्सफर्डला २-१ ने हरवलं.

करण्यासारखं म्हणाल तर समर्थकांच्या ट्रस्टचे सभासद व्हा, बैठकांना जा, खासदाराला लिहा. अशाच अनेक क्लबांच्या हालांमुळे इंग्लंडमध्ये २०२५ चा फुटबॉल प्रशासन कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. घरचं मैदान विकायचं किंवा हलवायचं तर आता क्लबला त्याची मंजुरी लागते. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये क्लबचे मालक डग किंग यांनी स्टेडियम विकत घेतलं. हायफील्ड रोड सुटल्यापासून पहिल्यांदाच क्लब आणि त्याचं मैदान एका हाताखाली आलं.

हरण्याचीही तयारी ठेवा. २०२३ ची प्ले-ऑफ फायनल आम्ही ल्युटनविरुद्ध पेनल्टीवर हरलो. २१ एप्रिल २०२४ ला एफए कपच्या उपांत्य सामन्यात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ३-० ने मागे असताना शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत आम्ही ३-३ केले. जादा वेळेच्या अगदी शेवटी टॉर्पने चौथा मारला. माझी मुलगी माझ्या गळ्यात होती, दोघींचा आवाज बसला होता. मग व्हिडिओ तपासून ऑफसाइड दिला, गोल रद्द झाला, आणि पेनल्टीवर आम्ही हरलो. परतीच्या बसमध्ये ती एवढंच म्हणाली, “शनिवारी जायचं ना?”

१०. सीझन तिकीट आणि सुट्टीतली मॅच

वर्षाला बारा-चौदा घरच्या मॅचना जाणं होत असेल तरच सीझन तिकीट घ्या. नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. ती चुकली की तुमची खुर्ची दुसऱ्याला जाते, आणि खुर्ची म्हणजे शेजारीही.

शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत ब्रिटनमध्ये फुटबॉल टीव्हीवर थेट दाखवत नाहीत, त्यामुळे घरी असाल तर बीबीसी सीडब्ल्यूआरचं रेडिओ समालोचन ऐका. ही बंदी ब्रिटनपुरतीच आहे. सुट्टीत भारतात असाल तर हिवाळ्यात तीनची मॅच रात्री साडेआठला पडते, उन्हाळी वेळेत साडेसातला. माझे बाबा चिंचवडला त्या हिशोबाने जेवण उरकून घेतात.

घरच्या मॅचला सुरू होण्याआधी अर्धा तास आम्ही चार-पाच मराठी घरं जिमी हिल यांच्या पुतळ्यापाशी असतो. मफलर नसला तरी या, माझ्या पिशवीत एक जादा असतो.